खिडकी कोणाची?

‘घर पाहावें बांधून’ असें आपल्यांत म्हणतात. घर बांधण्याइतकें द्रव्य माझ्याजवळ कधींच जमलें नाहीं; परंतु गेल्या वर्षीं तें कागदावर मांडून पाहण्याचा योग मात्र आला, आणि म्हणीच्या कर्त्यानें बांधणाऱ्यास जो धाक घातला आहे तो मांडणाऱ्यासहि लागू आहे अशी माझी खात्री झाली. पुण्यांतील आमची जुनी इमारत पाडून नवी उभारावयाची ठरली. प्रत्येक बिऱ्हाडास ६१० चौरस फूट चटई-क्षेत्र मिळणार होतें, आणि बाहेरच्या भिंती, खिडक्या व न्हाणीघर यांच्या जागा कायम ठेवून आंतल्या भिंती कोठें हव्यात तें पंधरा दिवसांत कळवावें, असा वास्तुविशारदाचा निरोप आला. आम्ही माणसें पांच: माझी ब्यायशीं वर्षांची आई, पत्नी, महाविद्यालयांत जाणारी मुलगी, दहावींतला मुलगा आणि मी. मीं चौकटींचा कागद आणला, पेन्सिलीस टोंक केलें, आणि एका रविवारीं सकाळीं मोठ्या उत्साहानें कामास बसलों.

लहान घराचें गणित मोठें निर्दय असतें. गिलाव्यासकट सहा इंच जाडीची दहा फूट लांब भिंत घातली कीं पांच चौरस फूट जमीन गेलीच म्हणून समजावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें चटई-क्षेत्राच्या व्याख्येंतून बाहेरच्या भिंती वगळल्या आहेत, पण आंतल्या भिंती त्यांत धरल्या आहेत. म्हणजे ती जमीन आपल्याच पदरांतून जाते. तीन फुटी दार उघडावयाचें तर त्याच्या फेऱ्यासाठीं आणखी सात चौरस फूट मोकळे सोडावे लागतात. तात्पर्य, एकांत ही वस्तु फुकट मिळत नाहीं. ती सुमारें बारा चौरस फुटांस पडते. राष्ट्रीय इमारत संहितेंत दोन खोल्यांच्या घरांत एक खोली किमान ९.५ व दुसरी ७.५ चौरस मीटर, स्वयंपाकघर ५ आणि न्हाणीघर १.८ चौरस मीटर असावें, अशीं मापें दिलेलीं आहेत. मापें शहाणपणाचीं आहेत. पण खिडकीजवळ कोणी बसावें हें संहिता सांगत नाहीं, आणि तें सांगणें तिचें कामहि नव्हे.

तें मीं सांगितलें. जागेंतील सर्वांत मोठी खिडकी पुढल्या दिवाणखान्याला होती. तिच्याशीं मीं माझें टेबल मांडलें. माझें काम वाचनाचें; वाचनास उजेड पाहिजे; तेव्हां खिडकी माझी, हें अनुमान मला इतकें स्वयंसिद्ध वाटलें कीं तें अनुमान आहे हेंहि माझ्या ध्यानांत आलें नाहीं. एक खोली आम्हां उभयतांस, एक दोन्ही मुलांस. स्वयंपाकघर डक्टकडे. राहतां राहिली आई. तिची कॉट मीं दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळांत बसविली आणि ‘न्हाणीघर जवळ पडेल’ असें स्वतःस समजावलें. दुपारीं जेवणें आटोपल्यावर नकाशा सर्वांपुढें ठेविला. आई म्हणाली, “मला काय, एक कॉट मावली म्हणजे झालें.” पत्नी म्हणाली, “ओटा जरा लांब असला कीं पुरे.” मुलगा गप्प होता. मुलीनें मात्र कागद जवळ ओढून बराच वेळ पाहिला आणि विचारलें, “बाबा, दिवसा तुम्ही घरीं किती वेळ असतां?”

मी दहाला जातों तो साडेपांचला परततों. म्हणजे ज्या उजेडावर मीं हक्क सांगितला होता तो बहुतेक सरल्यावर मी घरीं येणार, आणि दिवसभर घरांत असणारें एकमेव माणूस दिव्याखालीं बोळांत बसणार!

गंमत अशी कीं महाविद्यालयांत मी नीतिशास्त्र शिकवितों. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९७१ मध्यें सांगितलेली कसोटी मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिली आहे: समाजाचे नियम असे करावेत कीं करणारास आपण त्या समाजांत कोण होणार, राजा कीं रंक, हें ठाऊकच नसावें. सुसान मोलर ओकिन या विदुषीनें १९८९ मध्यें त्यावर असा आक्षेप घेतला कीं ही कसोटी कुटुंबाच्या उंबरठ्याबाहेरच थांबली. तोहि मी दरसाल शिकवितों. आणि तरीहि पांच चिठ्ठ्या करून एका वाटींत टाकाव्या, आणि बोळांतल्या कॉटची चिठ्ठी आपल्या हातीं आली तर आपणांस हा नकाशा मान्य होईल काय, असें स्वतःस विचारणें मला सुचलें नव्हतें. विचारल्यावर उत्तरास क्षणहि लागला नाहीं.

परंतु घरांतला खरा पेंच या कसोटीनें सुटत नाहीं. चिठ्ठ्या उचलावयाच्या त्या परक्यांनीं. घरांत कोण कोण आहे हें सर्वांस पुरतें ठाऊक असतें, आणि तेथें वांटणी बहुधा हक्कानें होत नाहीं, मायेनें होते. मायेची रीत अशी कीं जो ‘मला काय’ म्हणतो त्याच्याकडे उरलेलें जातें. आईनें तक्रार केली नाहीं; मग अन्याय कोठें झाला? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. माणसाचा संतोष हा त्याच्या हिताचा पुरावा मानावा काय? एक ‘नको’ असा असतो कीं माणसानें वस्तु हातीं घेऊन, पारखून, बाजूस ठेविलेली असते. दुसरा असा कीं ती वस्तु आपणांसाठीं असूं शकते हें त्यास कधीं कोणी सांगितलेलेंच नसतें. कानांस दोन्ही सारखेच ऐकूं येतात. पहिल्यास त्याग म्हणावें. दुसऱ्याचा लाभ घेणारानें त्यास त्याग म्हणणें हें मला तरी अप्रामाणिकपणाचें वाटतें.

आई वांईच्या एका वाड्यांत नव्यानें नांदावयास आली. पुढें ओसरी, तेथें पुरुषांची बैठक आणि सारा उजेड. मध्यें माजघर, त्याला खिडकी नाहीं. त्याच्या आड बाळंतिणीची खोली, ती त्याहून काळोखी. पुरुषांना उजेड आणि बायकांना धूर अशी ती सरळ वांटणी होती, आणि जुन्या वाड्यांची आठवण काढून उसासे टाकणाऱ्या सज्जनांनीं एकदां त्या माजघरांत दुपार काढून पाहावी असें मला पुष्कळदां वाटतें. तथापि माजघराचा एक गुण मान्य केला पाहिजे. कोणीहि कोठेंहि जावयाचें तर तेथूनच जावें लागे, त्यामुळें तेथें बसलेलें माणूस कधीं एकटें पडत नसे. रॉबिन एव्हान्स या इंग्रज वास्तु-इतिहासकारानें १९७८ मध्यें दारें आणि बोळ यांवर एक मार्मिक निबंध लिहिला. इंग्लंडांत असा बोळ प्रथम दिसतो तो चेल्सी येथील एका घराच्या १५९७ च्या सुमाराच्या नकाशांत, असें तो सांगतो. आणि बोळ आल्यावर घरांतलीं माणसें एकमेकांस न भेटतां ये-जा करूं लागलीं, याकडे तो आपलें लक्ष वेधतो. माझ्या मुलीला तो बोळ आणि त्याच्या टोंकाला एक बंद होणारें दार पाहिजे आहे. माझ्या आईला माजघर पाहिजे आहे. दोघींचेंहि मागणें रास्त आहे, आणि जमीन ६१० चौरस फूट आहे.

आईचें मागणें मला कळलें तें मात्र दुसऱ्या वेळीं. ‘तुला काय हवें?’ या प्रश्नाला तिच्याजवळ ‘कांहीं नको’ हें एकच उत्तर असतें, म्हणून मीं विचारलें, वाड्यांत दुपारीं तूं कोठें बसत होतीस? ती अर्धा तास बोलली. मागल्या पडवीच्या पायरीवर. तेथून विहिरीवर कोण आलें, परसांतल्या दारानें कोण गेलें तें दिसे. तिला शांतता नको होती. ती मीं तिच्यावर लादीत होतों. तिला दार दिसावयास हवें होतें.

पत्नीलाहि मग निराळें गांठून विचारलें. ती म्हणाली, “स्वयंपाकघर मोठें नको. स्वयंपाकघराबाहेर बसायला माझी म्हणून एक जागा द्या.” इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या कानीं आली नव्हती, कारण मीं विचारली नव्हती. १९२६ मध्यें मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की हिनें फ्रांकफुर्ट येथील कामकऱ्यांच्या घरांसाठीं १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें स्वयंपाकघर आंखलें. गृहिणीचें एकेक पाऊल वांचावें म्हणून तिनें हालचालींचा वेळ मोजला. हेतु उदात्त होता आणि पावलें खरोखरच वांचलीं. पण त्या खोलींत एकाच बाईला उभें राहतां येई. हिशेब बरोबर होता; तो पावलांचा होता, सोबतीचा नव्हता.

आतां दिवाणखान्यांत म्हातारीची कॉट दिसली तर आल्यागेल्यास काय वाटेल, हा विचार माझ्या मनांत आला नाहीं असें म्हणेन तर तें खोटें होईल. महिन्यांतून दोन संध्याकाळीं येणाऱ्या पाहुण्यांसाठीं घरांतली उत्तम जागा राखून ठेवावयाची, ही आम्हां मध्यमवर्गीयांची खोड ओसरीच्याहि आधींची असावी.

असो. शेवटीं आईची कॉट त्या मोठ्या खिडकीशीं, दार दिसेल अशी आली. माझें टेबल बोळांत गेलें. तेथें दिवसाहि दिवा लावावा लागेल, पण दिवसा मी तेथें नसेनच. पत्नीची खुर्ची आमच्या खोलीच्या खिडकीपाशीं मांडली. मुलीची परीक्षा, तिचें वय आणि तिचा हट्ट हीं तिन्हीं ध्यानांत घेऊन दुसरी खोली दारासकट तिला एकटीला दिली. मग मुलाची सोय उरली. त्यानें रात्रीं दिवाणखान्यांत आजीजवळ गादी घालावी आणि अभ्यास जेवणाच्या टेबलावर करावा असें ठरलें. त्याला तसें सांगितलें, तेव्हां फोनवरून मान वर न करतां तो म्हणाला, “मला काय, कुठेंहि चालेल.”

पंधरावा दिवस असल्यामुळें नकाशा मीं त्याच संध्याकाळीं पाठवून दिला.