सहवैमानिक तीनदा म्हणाला

२२ मे २०१०. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीकडे नको तेवढ्या उंचीवरून येत होते. सहवैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटले, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. धोक्याचा इशारा देणारे यंत्रही बजावत होते. तरीही कॅप्टनने विमान उतरवले. ते दरीत कोसळून १५८ माणसे गेली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायालयाने कॉकपिटचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा त्यात कॅप्टनचे घोरणे ऐकू आले. मुद्रणाची पहिली एक तास चाळीस मिनिटे ते झोपेत होते. इतक्या झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे उघडतात, पण निर्णयबुद्धी जागी व्हायला वेळ लागतो.

अशा वेळी ‘मानवी चूक’ असा शेरा मारून फाईल बंद करायची आपल्याला घाई असते. गेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, म्हणून ठपका तिथेच जाऊन बसतो. मला हा अन्याय वाटतो. शिवाय, त्याने पुढचा अपघात टळत नाही.

टळला नाहीच. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात, एक वायपर नीट चालत नसताना, मागून वारा असताना याच कंपनीचे विमान उतरवले गेले. चाके टेकली तेव्हा निम्मी धावपट्टी मागे पडली होती. इथेही सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते. विमानाचा ताबा मात्र त्याने घेतला नाही. २१ जण दगावले. कॅप्टन अतिशय अनुभवी होते. दोघांच्या अधिकारात फार अंतर होते, हे चौकशी अहवालाने नोंदवले. त्या तळावर कंपनीने पुरेसे कॅप्टन नेमले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनांच्या नावावर होते, हेही नोंदवले. ड्यूटीचा तक्ता लावणारे कॉकपिटमध्ये नसतात, पण त्यांचा निर्णय तिथे हजर असतो.

मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे आपण मुलांना घरात शिकवतो, शाळेत पक्के करतो, नोकरीत त्यावर बढती देतो. मग अवघ्या काही सेकंदांत त्याच मुलाने वरिष्ठाच्या हातातून विमान काढून घ्यावे, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? हँगरमध्ये रात्रपाळीला ‘साहेब, मला खात्री नाही’ म्हणणाऱ्या तंत्रज्ञाचीही हीच कोंडी होते. सही करून मोकळे होणे त्याला सोपे पडते.

हे बदलता येते. सिम्युलेटरमध्ये मुद्दाम चुकीचे उतरणारा कॅप्टन शेजारी बसवा. ताबा न घेणाऱ्या सहवैमानिकाला उत्तीर्ण करू नका. आणि धाकट्याने ‘गो अराउंड’ म्हणताच जो विमान वर घेत नाही, त्या कॅप्टनला, त्याचे तास कितीही असोत, त्या दिवशी घरी पाठवा.