अळंबीची बरणी

आमच्या भुदरगडाच्या डोंगरकडेला तरणा पाऊस लागला की अळंबी फुटते. मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत जमीन पोटापर्यंत भिजलेली असते. पुनर्वसू निघतो, एखादी रात्र ढगांच्या गडगडाटात जाते आणि सकाळी बांधावरच्या वारुळाच्या अंगाला पांढऱ्या टोप्या दिसतात. तीन-चार दिवसांचा खेळ असतो. आज कळी, उद्या छत्री, परवा काळपट लिबलिबीत गोळा.

ही अळंबी माणूस पेरत नाही, वाळवी पेरते. जमिनीच्या पोटात ती पालापाचोळा आणि लाकूड चावून त्याचा मळा करते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. आपण खुडतो ते तिच्या मळ्यातलं वर आलेलं फळ. म्हणून तर हिचा दांडा उकरत गेलं तर मुळासारखा खोल जातो. माझ्या वडिलांनी मला लहानपणी तीन खुणा शिकवल्या. टोपीला मधोमध टोक, बुडाला मूळ आणि खाली वारूळ. ते म्हणायचे, "तिन्ही असतील तरच हात लाव. दोनच असतील तर मोकळ्या हातानं घरला ये."

तिसरी खूण सापडत नाही म्हणून मोकळ्या हातानं घरी येणं किती अवघड असतं, हे ज्यानं रानात हातभर छत्र्या बघितल्यात त्यालाच कळेल.

अळंबी ओली असते तेव्हा ओळखता येते. वाळवली की ओळख संपते. मला जे सांगायचंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आधी वाळवणाची रीत सांगतो.

आषाढात ऊन कुठलं? त्यामुळं आमच्याकडं अळंबी वाळते ती चुलीच्या धगीवर. काढून आणली की पाण्यात बुचकळायची नाही, ती पाणी पिते. ओलसर फडक्यानं माती पुसायची, मातकट बूड कापायचं, उभ्या दोन-चार फाकी करायच्या, सुईनं दोऱ्यात ओवायच्या आणि माळ चुलीच्या वर तुळईला बांधायची. जाळ लागता कामा नये, नुसती ऊब लागली पाहिजे. फाकीला फाक चिकटू द्यायची नाही, नाहीतर मधे ओल राहते. तीन-चार दिवसांनी फाक मोडून बघायची. कटकन मोडली तर वाळली, वाकली तर अजून पाणी आहे. 10 किलो ओल्या अळंबीची किलोभर होते, कारण बाकी सगळं पाणीच. मग कोरड्या काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावायचं. आठवड्यानं बरणी उजेडात धरायची. आतून दव दिसलं तर परत चुलीवर. एवढं सांभाळलं तर माल दिवाळी ओलांडून होळीपर्यंत जातो. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की फुगते आणि वास तर ओलीपेक्षा दुप्पट येतो. कांदा, सुकं खोबरं आणि कोल्हापुरी चटणी घालून रस्सा केला, तर मटण खाणारासुद्धा वाटी पुढं करतो.

पण बरणीत जे असतं ते तपकिरी, सुरकुतलेलं, वीतभर सुतळीच्या तुकड्यासारखं. त्याला टोक नाही, मूळ नाही, वारूळ नाही. वडिलांच्या तिन्ही खुणा चुलीवर वाळून गेलेल्या असतात. खाणारा अळंबी बघून खात नाही, बरणी भरणाऱ्याच्या शब्दावर खातो.

काही वर्षांमागची भाऊबीज. मुंबईची आक्का आली होती. भावोजी गेल्यापासून ती वर्षातनं एकदाच येते आणि जाताना अळंबी नेते. त्या साली पाऊस चांगला झालेला, बरणी गळ्यापर्यंत भरलेली. कारभारीण पिशवी भरायला बसली. नातू शेजारी उभा होता, तेव्हा आठ वर्षांचा. तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आज्जी, त्यात माझी बी हाईत. उकिरड्याच्या कडंची, मी आन् पोरांनी आणलेली."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आषाढात एका दिवशी पोरांनी टोपलीभर आणून पडवीत ठेवली होती. हिला वाटलं मी आणली. मी रानात होतो. तिनं पुसली, कापली, ओवली आणि त्याच माळेत बांधली. आता उकिरड्याच्या कडेला, गवतात, शेणखतावर एक पांढरी मोठी छत्री येते. कोवळेपणी ती इतकी देखणी असते की कुणीही फसावं. दांड्याला कडं असतं आणि पिकली की पोटाखालच्या पापड्या हिरवट होतात. ती खाल्ली तर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि माणूस निपचित पडतो. रानात हिच्याहून वाईट जातीही आहेत. त्या खाल्ल्यावर अर्धा दिवस काही वाटत नाही, मग पोट बिघडतं, मधे जरा बरं वाटतं आणि तोवर आत काळीज सडत असतं. त्यांचं विष शिजवून जात नाही आणि वाळवूनही जात नाही. 2022 च्या एप्रिलात आसामात रानची अळंबी खाऊन 13 माणसं गेल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ही बरणीच आठवली.

पोरांनी आणलेली कुठली होती? पोराला आठवत नव्हतं. चांगलीही असतील. बहुतेक चांगलीच असतील.

कारभारीण म्हणाली, "अवो, आपुन ह्याच बरणीतली दोनदा खाल्ली की. काय झालं का कुणाला?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बरणी एक असली तरी मूठ दर वेळी वेगळी. आमच्या दोन मुठी चांगल्या निघाल्या म्हणून तिसरी चांगलीच, असं नाही. शेजारच्या म्हातारीनं उपाय सांगितला की रश्श्यात लसणाची पाकळी टाका, काळी पडली तर विष. हा उपाय मीही लहानपणापासून ऐकत आलो. चांदीचा रुपया टाका, किडीनं खाल्लेली असली तर बिनघोर खा, असंही ऐकलं. यातलं काहीही खरं नाही. लसूण पांढरी राहते आणि माणूस जातो.

मी बरणी उचलली. आमच्या घरात ताटातलं शीत खाली पडलं तर उचलून कपाळाला लावायची रीत. माझ्या आईनं दुष्काळ बघितलेला. अन्न टाकणं हे तिच्या लेखी चोरीपेक्षा मोठं पाप. आणि मी महिनाभराची मेहनत परड्यात खड्डा काढून पुरत होतो. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला. त्या वेळी मनाशी म्हटलं, अन्न टाकणं पाप खरं, पण खात्री नसलेलं दुसऱ्याच्या ताटात वाढणं त्याहून मोठं. स्वतः खायचं असतं तर कदाचित मी धाडस केलं असतं. आपल्या जिवाची पैज आपण लावू शकतो, दुसऱ्याच्या जिवाची लावायचा अधिकार आपल्याला नाही. हा विचार सुचला आणि खरं सांगतो, मला स्वतःचा जरा अभिमानच वाटला.

तो अभिमान अर्धा तास टिकला.

आक्का म्हणाली, "जाऊ दे रं बाळ. अळंबी न्हाई तर न्हाई, चार वांगी तरी दे." मी पाटी घेतली आणि मळ्यात गेलो. आक्का मागनं आली. वीस गुंठ्यांचा वांग्याचा फड समोर लागलेला, झाडं फळांनी वाकलेली. मी तो ओलांडला आणि विहिरीच्या कोपऱ्यात जाऊन तोडायला लागलो. तिथं एक सरी होती. फळं बारकी, दोनातलं एक किडकं.

आक्का बांधावरनं म्हणाली, "एवढा फड सोडून त्या कोपऱ्यात का शिरलास?"

मी काही बोललो नाही. ती शेतकऱ्याची लेक आहे. पडवीत चौदा क्रेट भरून ठेवलेले तिनं येतानाच बघितले होते. पंपही तिथंच टेकवलेला होता. तिनं परत विचारलं नाही. न विचारणंच मला जास्त लागलं.

ती घरची सरी होती. भाजीपाला करणाऱ्या पुष्कळ घरांत अशी एक सरी असते, हे शहरातल्या वाचकाला माहीत नसेल आणि गावाकडच्या वाचकाला सांगायला नको. त्या सरीवर औषध मारत नाहीत. फडावर मात्र शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मी दोन दिवसांपूर्वी फवारलं होतं. डब्यासोबतच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फवारणीनंतर इतके दिवस तोडा करू नये. दहावी शिकलेल्या माणसाला ते वाचता येतं. मी वाचलं होतं. पण दिवाळीनंतर भाव पडेल, टेम्पो आजच येणार, आणि थांबलं तर फळ जून होऊन व्यापारी नाक मुरडणार, हे सगळं धरून मी सकाळी तोडा केला होता.

म्हणजे त्याच दिवशी, त्याच हातांनी, मी एका बाईसाठी नुसत्या संशयावरनं बरणी पुरली आणि शेकडो माणसांसाठी माहीत असताना चौदा क्रेट भरले. अळंबीत विष असेल-नसेल. वांग्यावर औषध होतंच.

फरक काय होता, यावर मी पुष्कळ विचार केला. फरक एवढाच की आक्काचं तोंड मला दिसत होतं. वांगी खाणाराचं दिसत नव्हतं. क्रेट टेम्पोत चढला की तो माझ्या मनातनं उतरतो. पुढं तो कुठल्या चाळीत, कुठल्या वसतिगृहात, कुठल्या बाळंतिणीच्या ताटात गेला, मला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसणं सोयीचं असतं. तोही बिचारा वाळल्या अळंबीसारखंच खातो. वरनं काही दिसत नाही, फक्त कुणाच्या तरी शब्दावर. मग मी खुणा कुणासाठी सांभाळत होतो? माझ्या वडिलांनी तीन खुणा शिकवल्या तेव्हा फक्त आपल्या माणसापुरत्या, असं कधी म्हटलं नव्हतं.

माझ्या बाजूनं बोलायलाही जागा आहे. किडीचं एक भोक दिसलं तर शहरातलं गिऱ्हाईक वांगं ठेवून देतं. थांबलो म्हणून चार पैसे जास्त कुणी देत नाही. सोसायटीचं कर्ज थांबत नाही. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं त्या दिवशीही खरं होतं. पण आक्काच्या प्रश्नाला यातलं एकही उत्तर मला देता आलं नाही.

त्या दिवशी क्रेट गेले. मी अडवले नाहीत.

पुढल्या हंगामात मी घरची सरी मोडली. कारभारीण कुरकुरली, पण आता घरात शिजतं ते फडातलंच. औषध मारायचं असलं तर आधी तोडा करतो, मग मारतो आणि कागदावरचे दिवस मोजतो. तेवढे दिवस घरात वांगं नाही आणि बाजारातही नाही. अळंबीच्या बरणीवर चिठ्ठी असते, त्यावर तारीख, कुठलं वारूळ आणि कुणी काढली. शंका असलेली माळ चुलीपर्यंत येतच नाही. नातू आता मोठा झालाय, तिन्ही खुणा मोजतो आणि कधीकधी मोकळ्या हातानं घरी येतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट चांगली दिसली असती. पण गेल्या साली अळीनं फड धरला, भाव चढा होता आणि मी कागदावरच्या दिवसांतले दोन दिवस खाल्ले. तोडा केला, क्रेट भरले. ठरल्याप्रमाणं घरातही तीच वांगी शिजली, मीही खाल्ली.

आक्काला मात्र त्या आठवड्यात पाठवली नाहीत.