ज्याचे त्याचे प्रभावळकर

"तुझे प्रभावळकर कोणते?"

गटात येऊन मला दोन दिवसही झाले नव्हते, तेव्हा गिरगावच्या एका काकांनी हा प्रश्न टाकला. मला तो नीट कळलाच नाही. दिलीप प्रभावळकर आवडतात म्हणून तर मी तिथे आले होते, त्यात 'कोणते' म्हणजे काय? तरी लिहिलं, "आबा." काकांचं लगेच उत्तर आलं, "असं होय! म्हणजे तू टिपऱ्यांकडची." लग्नाच्या मांडवात मुलाकडचे की मुलीकडचे विचारतात, तशी ती विचारणा होती. पाठोपाठ बाकीच्यांनीही आपापली ओळख दिली. कुणी चिमणरावांकडचे, कुणी 'चौकट राजा'तल्या नंदूकडचे, कुणी गांधीजींकडचे. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने तर छाती काढून लिहिलं, "मी तात्या विंचूचा."

आम्ही चाळीसेक माणसं आहोत. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. कुणी मिरजेला, कुणी बडोद्याला, एक कुटुंब न्यू जर्सीत. फोनवर जमतो. जुन्या भागातला एखादा तुकडा कुणी पाठवतं, कुणी जपून ठेवलेल्या नाटकाच्या तिकिटाचा फोटो काढतं, ४ ऑगस्टला त्यांचा वाढदिवस असतो तेव्हा सकाळपासून फोन वाजत राहतो. या संगतीत गेल्या काही वर्षांत मला एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. नट एका प्रेक्षकाच्या मनात पुरता मावत नाही. त्याला पुरतं पाहायचं तर बरीच माणसं लागतात.

माझ्यापासून सुरू करते. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ते २००५ या काळात अल्फा मराठीवर चालली, म्हणजे आताच्या झी मराठीवर. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून ती बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि रोजनिशी लिहिणारे आबा, एवढंच ते घर. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. ठाण्यात दोन खोल्या आणि घरात सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सासूबाई आधीच गेलेल्या. अण्णा फार कमी बोलत. मला त्यांची भीतीच वाटायची, कारण ते नाराज आहेत की नुसतेच गप्प आहेत ते कळायचं नाही. टिपरे लागली की मात्र ते खुर्ची पुढे ओढायचे. आबा वही उघडून लिहायला बसले की अण्णांचा पाय हलायचा थांबायचा. एके दिवशी त्यांनी स्वतःच दोनशे पानी वही आणली. पुढे ती माझ्या हाती आली. त्यात दुधाचा हिशेब होता, कुणाचा फोन आला होता ते होतं, आणि 'आज सूनबाईंना बरं नव्हतं' असं एका ओळीत होतं. मी आबांवर जीव टाकला तो या घरातून. माझ्या आबांमध्ये निम्मे अण्णा आहेत. ते वेगळे काढता येत नाहीत.

हे माझ्यापुरतं पुरेसं होतं. प्रभावळकर म्हणजे आबा, ही माझी समजूत वीस वर्षं कुणी हलवली नव्हती. काही नट असे असतात की त्यांच्या सगळ्या चाहत्यांच्या मनात एकच चित्र असतं. तीच चाल, तीच केसांवरून हात फिरवण्याची लकब, सिनेमा कोणताही असो. तिथे एक चाहता भेटला की सगळे भेटल्यासारखे. प्रभावळकरांचं तसं नाही. हा माणूस भूमिकेत शिरला की मागे स्वतःचं काही ठेवत नाही. 'हसवाफसवी' त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात एकट्याने सहा भूमिका केल्या. त्यातले म्हातारे गायकनट कृष्णराव हेरंबकर पाहिलेला माणूस आजही 'प्रभावळकरांनी केलेलं' असं म्हणत नाही, 'कृष्णराव आले होते' असं म्हणतो. असा नट ज्याला आवडतो त्याच्या हाती एक तुकडा लागतो. आणि तो तुकडा इतका अस्सल असतो की तोच अख्खा वाटतो.

काकांचा तुकडा चिमणरावांचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यातही दिसू लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचे चिमणराव त्या पडद्यावर आले. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. काकांच्या चाळीत मजल्यावर एकच संच होता. त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा, पोरं पुढे फरशीवर, बायका पलंगावर आणि पुरुष गॅलरीतून खिडकीच्या गजांना धरून. काका गजवाल्यांपैकी. ते सांगतात, "चिमणराव घाबरले की आवाज आधी वर चढायचा आणि शब्द मागनं धापा टाकत यायचे. आम्ही सगळे हसायचो आणि हसताहसता मला वाटायचं, अरे, मीही साहेबापुढे असाच बोलतो."

हे ऐकून न्यू जर्सीतल्या मुलाने विचारलं की तो भाग कुठे पाहायला मिळेल. काका म्हणाले, बाबा, तो आता माझ्याकडेच आहे. खरंच आहे ते. त्या काळी घरी काही साठवायची सोय नव्हती, आणि दूरदर्शनच्या फिती महाग, त्यांच्यावर पुन्हा पुन्हा नवं चित्रण व्हायचं. जे दिसलं ते दिसलं. गजांना धरून उभ्या असलेल्या माणसांनी ते डोक्यात नेलं आणि ते त्यांच्याबरोबर म्हातारं होत गेलं. मी चिमणराव कधीच धड पाहिलेले नाहीत. माझ्याकडे जे चिमणराव आहेत ते काकांकडून आलेले.

आणि मग नंदू. यावर मला जरा थांबायचं आहे.

१९९१चा 'चौकट राजा' मी शाळकरी वयात पाहिला होता आणि ढसाढसा रडले होते. मतिमंद नंदू, त्याची आई, लहानपणची मुन्नी पुन्हा भेटते तो प्रसंग. गटात एकदा त्यावर बोलणं निघालं आणि सगळ्यांनी आपण कुठे कुठे रडलो ते लिहिलं. मिरजेच्या एक ताई तोवर कधी फारसं लिहीत नसत. त्या रात्री त्यांनी लिहिलं. त्यांचा मुलगा तिशी ओलांडलेला आहे आणि नंदूसारखा आहे. "सिनेमात आमच्या मुलांसारखं कुणी दाखवलं की बघणाऱ्याला कीव यावी असं काम करतात. मी बघतच नाही. पण नंदूला कुणाची कीव नको असते हो. त्याला खेळायला हवं असतं. समोरच्याने खेळावं, एवढंच. प्रभावळकरांनी ते ओळखलं, म्हणून मला हा सिनेमा चालतो." आणि खाली आणखी एक ओळ : "हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही."

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग कुणीतरी नुसता नमस्कार पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी सिनेमा परत लावला. मी इतकी वर्षं चुकीच्या जागी रडत होते. मला नंदूचं कमनशीब दिसत होतं, ताईंना नंदूची इच्छा दिसत होती. नटाने केली होती ती इच्छाच. ती पडद्यावर तेव्हाही होती, माझ्या नजरेत नव्हती. एका आईने ती माझ्या नजरेत घातली. मी एकटीने शंभर वेळा पाहिला असता तरी ती आली नसती, कारण माझ्या घरात नंदू नव्हता, अण्णा होते.

मला जे म्हणायचं आहे त्याचा गाभा इथे आहे. आपण नट पाहतो तेव्हा आपल्या आयुष्याने जेवढं भिंग दिलं तेवढंच पाहतो. आवड एकमेकांना सांगताना आपण आपलं भिंग क्षणभर दुसऱ्याच्या डोळ्याला लावतो. पुण्यात फिजिओथेरपी करणारी एक मुलगी आमच्यात आहे. तिने एकदा लिहिलं की म्हातारपण कापऱ्या हातांत शोधू नका. म्हातारा माणूस प्रत्येक हालचालीचा आधी हिशेब करतो. खुर्चीतून उठायचं तर आधी पुढे सरकेल, हाताला आधार शोधेल, एक श्वास घेईल. टिपरे सुरू झाली तेव्हा प्रभावळकरांनी साठीही गाठलेली नव्हती. तिच्या डोळ्यांनी आम्ही आबा पुन्हा पाहिले आणि तो हिशेब मला जागोजागी दिसू लागला. उठण्याआधीचा, बोलण्याआधीचाही. सूनबाईला काही सांगायचं तर आबा आधी मनात तोलतात, मग सांगतात किंवा गिळतात. अण्णांचं गप्प बसणं काय होतं, ते मला तेव्हा कळलं, ते गेल्यावर इतक्या वर्षांनी.

इतर प्रेमांत वाटेकरी नकोसा होतो. जिवलग मैत्रिणीला दुसरी जिवलग मिळाली की आत कुठेतरी दुखतं. इथे मात्र नवा माणूस आला की आनंद होतो, आणि त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, तुझे कोणते? त्याने आपल्याकडे नसलेलं नाव सांगितलं तर अधिकच. एक आजोबा आपल्या नातीला घेऊन आले, तिला नट म्हणून प्रभावळकर माहीतच नव्हते. तिच्या लेखी ते 'बोक्या सातबंडे' लिहिणारे. आमच्या खजिन्यात तेवढी भर पडली. जे वाटल्याने वाढतं त्याचा मत्सर कोण करील? प्रभावळकरांच्या खाजगी आयुष्याबद्दल आमच्यात कुणी विचारत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही. त्यांनी जे आपणहून दिलं तेच इतकं आहे की त्यापलीकडे हात घालावासा वाटत नाही.

मराठी माणसाला हे नवं नाही. बालगंधर्वांचे आणि केशवराव भोसल्यांचे चाहते एकमेकांशी हिरिरीने भांडत. १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून 'मानापमान' केलं, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, आणि दोन्ही बाजूंचे भक्त एका छपराखाली बसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. त्या रात्री तिथे होते त्यांनी पुढे जन्मभर ती रात्र सांगितली. ज्यांनी ऐकली त्यांनी आपल्या मुलांना सांगितली. ध्वनिमुद्रिकांत गाणं उरलं, पण भामिनी वळून कशी पाहायची हे सांगणाऱ्यांच्या मानेतच उरलं. मी आजीला ते करून दाखवताना पाहिलंय, आणि आजीनेही ते तिच्या मामाकडून घेतलेलं होतं.

२०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' लागला तेव्हा आम्ही सातजण पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो, ठाण्यातल्या चित्रपटगृहात. एक्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री नावाचे वृद्ध दशावतारी कलावंत आहेत. आमच्यातल्या कुडाळच्या वहिनींनी आत जाण्याआधीच सांगून ठेवलं होतं की दशावतारात लिहिलेली संहिता हाती नसते, कथा ठरते आणि बोलणं रंगमंचावर सुचतं, कलावंत आपला चेहरा आपणच रंगवतो. जत्रेला निघताना त्यांच्या गावात लोक खेळ कोणता ते नंतर विचारतात, आधी विचारतात, "आज राजा कोण करता?" अंधारात वहिनी माझ्या शेजारी होत्या. पडद्यावर बाबुली चेहऱ्याला रंग लावू लागले आणि वहिनींचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. त्यांचे वडील दशावतारात काम करायचे, हे मला मध्यंतरात कळलं.

काका त्या दिवशी आले नाहीत. गुडघे. त्यांना जिने चढवत नाहीत. रात्री घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना सिनेमा सांगितला, प्रत्येकाने आपला आपला, आणि सातही सांगणी वेगळी झाली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग त्यांचा एक ध्वनिसंदेश आला, अर्ध्या मिनिटाचा. काही प्रस्तावना नाही. घसा खाकरला आणि एकदम आवाज वर चढला, शब्द मागून धापा टाकत आले.

माझा मुलगा बाजूला अभ्यास करत होता. त्याने मान वर केली. "आई, हे कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "चिमणराव."

"परत लाव ना."