आधी कागद, मग पेटी

जुन्या जादूगारांच्या वस्तू जमवणाऱ्याची नजर सहसा पहिल्यांदा पेटीवर जाते. चोरकप्प्याची पेटी, दुहेरी तळाचा डबा, बेड्या, तलवारी. लिलावातही याच वस्तू भाव खातात. हूडिनी ज्या पाण्याच्या कोठडीतून सुटून दाखवत असे, तिला २००४ साली ३ लाख डॉलर मिळाले. इंदुरात कुणी असा संग्रह उभारायचे मनावर घेतले, तर त्याला मी उलटा क्रम सुचवेन. आधी कागद गोळा करावा आणि पेटीकडे नंतर वळावे. हँडबिले, पोस्टरे, तिकिटांची अर्धुके, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती हा खरा ऐवज आहे. जादू कशी झाली ते पेटीवरून फार तर कळेल. ती कुणासाठी झाली, प्रेक्षकांना काय कबूल केले होते आणि त्या काळी कुठल्या नवलाला गिऱ्हाईक होते, हे मात्र कागदावरूनच कळते.

याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द हूडिनीचाच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रोबेर-हूदँ या फ्रेंच जादूगाराच्या नावावरून त्याने स्वतःचे नाव घेतले आणि पुढे १९०८ साली त्याच गुरुतुल्य माणसावर पुस्तकभर आरोप केले, की ज्या करामती तो स्वतःच्या म्हणून मिरवत होता त्या आधीच्यांच्या होत्या. आधार कशाचा? स्वतः जमवलेल्या जुन्या हँडबिलांचा आणि कार्यक्रमपत्रिकांचा. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की हूडिनी बराच अन्यायाने बोलला होता; तेही कागदपत्रे पुढे ठेवूनच. एका कागदाची चूक दुसऱ्या कागदाने दुरुस्त केली. हे शक्य झाले कारण कुणीतरी ते चिटोरे फेकले नव्हते. हूडिनीच्या मृत्यूनंतर, १९२७ साली, त्याचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेला आणि वादाला कायमचा पत्ता मिळाला.

आपल्याकडे हा पत्ताच नाही. चौकात खेळ करणाऱ्या मदाऱ्याला हँडबिल परवडत नव्हते, म्हणून त्याची हकिगत परक्यांनी लिहिली, आणि कशी लिहिली ते हवेत उभ्या राहणाऱ्या दोरीच्या खेळावरून दिसते. शिकागोच्या एका दैनिकाने १८९० मध्ये छापलेली डोळ्यांदेखतची हकिगत बनावट होती. काही महिन्यांनी पत्राने तशी कबुलीही दिली. तरी दंतकथा जगभर फिरतच राहिली. लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेने १९३४ साली हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्याला ५०० गिनी देऊ केल्या, त्या कुणी जिंकल्या नाहीत.

रंगमंचावरच्या जादूगारांची गोष्ट वेगळी. त्यांनी कागद भरपूर छापला आणि आपण तो रद्दीत घातला. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले होते आणि आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ करत. त्र्यंबकेश्वरच्या ब्राह्मणाला प्रेक्षकांपुढे परदेशी वाटेल असे नाव घ्यावेसे वाटले, ही त्या प्रेक्षकांबद्दलची माहिती आहे आणि ती कुठल्याही यंत्रात सापडणार नाही. पंजाबातले धनपतराय गोगिया ‘गोगिया पाशा’ होऊन इजिप्तचा बाज धारण करतात. बंगालचे पी. सी. सरकार पोस्टरवर महाराजाच्या फेट्यात उभे राहतात. होळकरांच्या शहरात या फेट्याचा विचार जास्त करायला हवा. संस्थाने १९४८च्या सुमारास विलीन झाली, तरी रंगमंचावरचा राजा तिकीट काढून पाहायला लोक येतच राहिले. सरकार जानेवारी १९७१ मध्ये जपानच्या दौऱ्यात वारले. खऱ्या राजांचे तनखे त्याच वर्षाच्या शेवटी बंद झाले. राजेशाहीबद्दलचे आपल्या समाजाचे मन वाचायचे असेल, तर ती पोस्टरे दरबारी दफ्तरांइतकीच बोलकी आहेत.

हँडबिल नीट पाहण्यासारखी वस्तू आहे. पातळ, गुलाबी किंवा पिवळा कागद. वर जादूगाराचे नाव लाकडी ठशांतले, खाली खिळे जुळवून बसवलेला मजकूर, मधे शाई फुटलेला मुखवट्याचा ब्लॉक. वार असतो, तारीख असते, ‘लोकाग्रहास्तव’ वाढवलेले खेळ असतात, दर असतात आणि साल बहुधा नसते, कारण आठवडाभराने तो कागद कुणी पाहील असे जुळाऱ्याला वाटलेलेच नसते. पण तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते, मुद्रकाचे नाव आणि गाव. छापील कागदावर ती घालणे १८६७च्या छापखाना कायद्याने बंधनकारक होते. इंग्रज सरकारने पाळत ठेवण्यासाठी केलेली सक्ती आज संग्राहकाच्या कामाची ठरते. छापखान्यावरून गाव कळते, वार-तारखेवरून संभाव्य साले निघतात आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीशी ताडून त्यांतले एक पक्के होते. ‘नई दुनिया’ इंदुरात १९४७ पासून निघते आहे. स्वातंत्र्यानंतरच्या मुक्कामांसाठी ही साखळी जुळवता येण्यासारखी आहे.

जादू क्षणाची असते, कागद म्हणजे नुसते टरफल, असा एक आक्षेप येतो. क्षण उरत नाही हे खरेच. पण नाटकाचाही उरत नाही, आणि संगीत नाटकांच्या जाहिराती, पदांची पुस्तके जपली म्हणून कुणी नाक मुरडत नाही. जादूला ती प्रतिष्ठा आपण दिली नाही, एवढाच फरक. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: संग्रहाने गुपिते फुटतात आणि जादूगाराच्या पोटावर पाय येतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या (१९२४–१९८४) घराण्यात तिसरी पिढी आजही खेळ करते. अशा घरातली पेटी ही चालती उपजीविका आहे, तिच्यावर संग्राहकाने डोळा ठेवू नये. कागदाने मात्र कुठलेच गुपित फुटत नाही. म्हणूनही तो आधी. भोंदूगिरीने पोळलेल्या समाजात जादूचे कौतुक कशाला, असेही विचारले जाते. उलट, बुवांचे चमत्कार उघडे पाडताना अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हीच हातचलाखी वापरतात, आणि रंगमंचावरचा जादूगार फसवणुकीचे तिकीट लावून फसवतो. तो प्रामाणिकपणा छापील रूपात जपावा असाच आहे.

वस्तू गेल्यावर कागद काय करतो, हे इंदूरने पाहिलेले आहे. महाराज यशवंतराव होळकरांसाठी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांनी १९३०च्या दशकात उभारलेल्या माणिकबाग महालातले फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात गेले. महालात आता सरकारी कचेरी आहे. त्या खुर्च्या परदेशात उत्तम राखल्या जातात, पण त्या कुठल्या खोलीत, कुठल्या दिव्याखाली होत्या हे मुथेसियस यांच्या छायाचित्रांमुळेच कळते. जादूच्या पेटीचे असेच होईल. ती मुंबईला जाईल, नाही तर लास वेगासला. इंदुरात कुणी किती आठवडे मुक्काम ठोकला, पहिल्या रांगेचा दर काय होता, बायकांसाठी वेगळा खेळ होता का, हे सांगणारा कागद खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांत, बंद पडलेल्या छापखान्यांच्या नमुना-फायलींत किंवा घराघरांतल्या ट्रंकांच्या तळाशी घातलेल्या पानांत असू शकतो. तो मिळेल तेव्हा कुठे आणि कोणत्या कागदांबरोबर मिळाला, हे पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. हँडबिलाच्या पाठीवर नव्हे, कारण पाठीवर कुणी वाण्याचा हिशेब लिहिलेला असला तर तोही पुरावाच आहे.