कोंबडीला आईचं दूध कुठलं?

मोरोक्कोतल्या चिकन ताजीनचं बहुतेक सामान तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटात सहज मिळतं. हळद, सुंठ, दालचिनी, जिरं, धणे, केशर. ऑलिव्ह डब्यातले आणावे लागतात. खारवलेल्या लिंबासाठी मात्र कुठे जायलाच नको. तोंडाची चव गेलेल्या माणसाला पेजेबरोबर देतात ते मिठात मुरलेलं लिंबू पुष्कळ मराठी घरांच्या बरणीत असतंच.

कृतीही परकी वाटत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात किसलेला कांदा, आलं, लसूण, हळद आणि केशर लावून कोंबडीचे तुकडे रचायचे, पाणी बेताचंच घालायचं. ताजीनच्या मातीच्या भांड्याला उंच निमुळतं झाकण असतं. वाफ त्याला लागून थेंबांनी परत रश्श्यात उतरते. आपल्याकडे झाकणावर ताटलीत पाणी ठेवतात, ते याच कामासाठी. कांदा विरघळून रस्सा दाट झाला की लिंबाची साल आणि ऑलिव्ह घालायचे. तिखट जवळजवळ नाहीच.

प्रश्न येतो तो लोण्याचा. मोरोक्कोतल्या मुस्लिम घरांत या रश्श्यात अनेकदा मुरवलेलं खारट लोणी पडतं. धर्म पाळणाऱ्या शेजारच्या यहुदी घरात तोच रस्सा निव्वळ तेलावर होतो, कारण मांस आणि दूध त्यांना एकत्र चालत नाही.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरा या यहुद्यांच्या धर्मग्रंथात तीनदा येते. पण कोंबडीला दूध कुठलं? हा आक्षेप आजचा नाही. गालिलीतल्या रब्बी योसे यांच्या गावात कोंबडी दुधाबरोबर खात असत, अशी नोंद तालमुद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातच आहे. बाकीच्या धर्मपंडितांनी मात्र कोंबडीही वर्ज्य ठरवली. आज पक्ष्याचं मांस चाललं, तर उद्या लोक करडूही दुधात शिजवतील, ही त्यामागची धास्ती. बाराव्या शतकात काही वर्षं मोरोक्कोतल्या फेज शहरात राहिलेल्या मायमोनिदिस या यहुदी तत्त्वज्ञाने स्पष्टच लिहिलं की कोंबडीची मनाई ही मूळ आज्ञा नव्हे, धर्मपंडितांनी घातलेलं कुंपण आहे. तरीही ते पाळायचं, हेही त्यानेच सांगितलं.

मूळ आज्ञेच्या कारणावर तरी एकमत असावं? तेही नाही. काही भाष्यकारांना तिच्यात क्रौर्याचा निषेध दिसला. मायमोनिदिसला मूर्तिपूजकांच्या एखाद्या जुन्या विधीची शंका आली. कारण वादात राहिलं आणि नियम शतकानुशतकं चुलीपाशी टिकला. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? उपासाला वरीचा भात चालतो, ज्वारीची भाकरी चालत नाही. का, ते विचारलं तर दहा घरांत दहा उत्तरं मिळतील.

याच मायमोनिदिसने एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांविषयी लिहिलं आहे की त्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र ठाऊक नाही. ते कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांबद्दलच होतं का, यावर वाद आहे. पण शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे बेने इस्राएल मांसाच्या रश्श्यात दुधाऐवजी नारळाचं दूध घालतात. मनाईमुळे चव हरवली नाही.

नियमाचं कारण सापडेना म्हणून तो मोडीत काढावा, हे पटत नाही. पण मुकी आई आणि तिचं पिल्लू विसरून नुसतं कुंपण राखणं, हेही अपुरं. आणि नियम आपला नसून पाहुण्याचा असेल, तर त्याचं कारण मागण्याचा हक्क यजमानाला मुळीच नाही.

ठाण्यात टेंभी नाक्यावर 1879 सालचं शार हाशामाईम सिनेगॉग आहे आणि बेने इस्राएलांची वस्ती आजही नांदती आहे. तिथून तुर्भ्याला थेट लोकल येते. त्यांच्यापैकी कुणाला ताजीन खायला बोलवायचं, तर नुसतं लोणी वगळून भागणार नाही. कोंबडी त्यांच्या रीतीने कापलेली लागते, भांड्यांचेही नियम असतात. कोण किती पाळतं, हे घरागणिक बदलतं. बाजारात जाण्याआधी त्यांनाच विचारून घ्या.