काही न करण्याची जबाबदारी

फुटबॉल खेळताना गुडघा मुरगळतो, एक्स-रे काढला जातो आणि मुरगळण्याशी काडीचाही संबंध नसलेला एक डाग त्यात दिसतो. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हे पुष्कळदा घडतं. बऱ्याचदा तो ‘नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा’ असतो: हाडाच्या कडेला, रेखीव पांढऱ्या किनारीचा. तो कर्करोग नसतो, सहसा दुखत नाही आणि वाढीचं वय संपलं की हळूहळू हाडानं भरून निघतो. रेडिओलॉजीत अशा डागांना चक्क ‘डोन्ट टच’ म्हणतात. फार मोठा होऊन हाड मोडण्याची भीती नसेल, तर हात न लावणं हाच त्यावरचा उपचार.

पण घरी परतलेल्या आईबाबांच्या कानात ‘ट्यूमर’ हा एकच शब्द घुमत असतो. “काढूनच टाका ना डॉक्टर, उगाच डोक्याला ताप नको.” ही मागणी मायेपोटीच येते. तरी जरा नीट पाहा: ताप कोणाच्या डोक्याला आणि चिरा कोणाच्या पायाला? काळजी मोठ्यांची मिटते. भूल, टाके आणि बुडालेली शाळा मुलाच्या वाट्याला येते. आपली चिंता दुसऱ्याच्या शरीरावर उतरवण्याचा हक्क मायेनं मिळतो का? मला वाटतं, नाही.

मग थांबणं हेच नेहमी शहाणपणाचं? तसंही नाही. ‘जायंट सेल ट्यूमर’ हासुद्धा सौम्यच म्हणवला जातो. तो बहुतेकदा विशी ते चाळिशीत, गुडघ्याच्या आसपास होतो आणि हाड पोखरत सांध्यापर्यंत जातो. इथे वाट पाहणं म्हणजे सांधा पणाला लावणं. डॉक्टर गाठ खरवडून काढतात, पोकळीत बोन सिमेंट भरतात. तरी काहींमध्ये ती परत येते. ‘सौम्य’ हा शब्द पेशींबद्दल सांगतो. गुडघ्याचं काय होईल, ते सांगत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ आहे. हेन्री जाफे यांनी 1935मध्ये त्याचं वेगळा आजार म्हणून वर्णन केलं. गाठ साधारण दोन सेंटीमीटरहून लहान, पण रात्री अशी ठणकते की झोप उडते. ॲस्पिरिनच्या जातकुळीतल्या गोळीनं मात्र छान आराम पडतो. काही वर्षांत दुखणं आपोआप शमूही शकतं. किंवा सीटी स्कॅनवर पाहत बारीक सुई घालून, रेडिओलहरींच्या उष्णतेनं गाठ जाळता येते. दोन्ही मार्ग वैद्यकीयदृष्ट्या योग्य. मग ठरवायचं कोणी? महिनोन्‌महिने गोळ्या घेत रात्री काढायची तयारी आहे का, हे एक्स-रे सांगू शकत नाही. ते ज्याचं हाड, त्यालाच विचारावं लागतं. रुग्ण सोळा वर्षांची मुलगी असेल, तर सही आईबाबांची लागेल. पण जागरण तिचं आहे.

वाट पाहणं आणि दुर्लक्ष करणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. फरक कळतो तो तीन गोष्टींवरून: पुढचा एक्स-रे कधी, काय झालं तर त्याआधीच यायचं आणि आपण का थांबतोय, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितलं आहे का. यातलं काहीच नसेल, तर ते निव्वळ दुर्लक्ष.

आणि हे सांगायला वेळ लागतो. ऑपरेशनची तारीख पाच मिनिटांत देता येते. ‘काही करू नका’ हे पटवायला अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाची फी देताना आपणच कुरकुरतो, “नुसतं बोलायचे एवढे पैसे?” सुरीला मोल आणि सल्ल्याला नाही, असा हिशेब आपण ठेवला, तर डॉक्टरांचा हात सुरीकडे वळण्यात थोडा वाटा आपलाही असतो.

म्हणून उपचार विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: “काहीच केलं नाही, तर काय होईल?” उत्तर पूर्ण ऐका. आणि ते मनापासून दिलं असेल, तर फी देताना कुरकुर करू नका.