वारशाचे निमित्त

दोघे भाऊ आयुष्यभर विड्या ओढतात. एकास फुफ्फुसाचा कर्करोग होतो, दुसरा नव्वदी गाठतो. हे पाहून लोक म्हणतात, "ज्याचे त्याचे प्रारब्ध!" या उद्गारात तथ्य किती आणि पळवाट किती, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

तथ्य आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीन हे द्रव्य बाहेर टाकण्याच्या खटपटीत शरीरातील काही एन्झाइमे त्याला असे रूप देतात की, ते पेशीतील डीएनएला चिकटून इजा करते. दुसरी काही एन्झाइमे त्याच विषारी रूपाला ग्लुटाथायोनशी जोडून निरुपद्रवी करतात. या रक्षकांपैकी एक घडविणारे जीएसटीएम-१ हे जनुक युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत जन्मतःच नसते. आपल्या देशातही अशी माणसे थोडीथोडकी नाहीत.

परंतु येथूनच पळवाट सुरू होते. १९५० साली डॉल व हिल यांनी धूम्रपान व हा रोग यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हा थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शंका घेतली की, एकच आनुवंशिक प्रकृती धुराची ओढ आणि रोग ही दोन्ही उत्पन्न करीत असेल. फिशर स्वतः पाइप ओढीत. त्यांची शंका तर्काला सोडून नव्हती. पण पुढील संशोधनापुढे ती टिकली नाही. जीएसटीएम-१ च्या अभावाने धोका वाढतो तो अल्प. धूम्रपानाने मात्र तो पंधरा ते तीस पट वाढतो.

तेव्हा वारशाकडे बोट दाखवून विडी पेटविणे हा विवेक नव्हे. त्याचप्रमाणे, रोग्यास "केले ते भोग" असे सुनावणे हाही धर्म नव्हे. कारण धूम्रपान कधीही न केलेल्यांनाही हा रोग होतो, आणि कोणीही आपली जनुके निवडून जन्मास येत नाही.

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न याहून निकटचा आहे. ओसरीवर विडी ओढणाऱ्याचा धूर घरातील स्त्रिया व मुले श्वासावाटे घेत असतात, आणि अशा धुरानेही हा रोग संभवतो. त्यांपैकी कोणाच्या शरीरात तो रक्षक नाही, हे कोण सांगणार? स्वतःचा धोका पत्करण्याचा अधिकार एक वेळ मान्य करू. पण दुसऱ्याचे संचित ठाऊक नसता त्याच्या वतीने तो पत्करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?